लांब शिट्टी

हातोड्याच्या उजव्या हाताची बोटं त्या सकाळी पुन्हा सुजलेली होती. आदल्या संध्याकाळी बसला आडवा आलेल्या एका स्कूटरवाल्याच्या कानाखाली त्याने जाळ काढला होता, आणि आता त्याची बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्या बोटांवर बर्फ दाबत होती. बर्फ गार होता, बायको मात्र चांगलीच तापली होती.

"नोकरी गेली म्हणजे कळेल. बस चालवायला हात लागतो ना? की स्टिअरिंगही तोंडानेच फिरवणार आहात?"

"मग काय त्याला समजावत बसू? दोन ठेवून दिल्या की माणूस जन्मभर नीट गाडी चालवतो."

शहराच्या बससेवेतल्या या धिप्पाड ड्रायव्हरला गल्लीने हातोडा हे नाव दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. कुणाचं पाकीट मारलं गेलं, कुणाची छेड निघाली, की लोक आधी त्यालाच हाक मारत. पोलीस नंतर यायचे. आपल्यापैकी कितीजण अशा माणसाकडे कौतुकाने बघतात, ते ज्याने त्याने स्वतःलाच विचारावं.

दारात चपला घालत असलेली त्याची ताई हसली. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला. स्वतःचं लग्न राहूनच गेलं, त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. कोपऱ्यावरच्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर तिचं शिवणकामाचं दुकान होतं. कात्री कायम दोरीने गळ्यात अडकवलेली. ताई दिसायच्या आधी कात्री दिसायची.

"हात इतके शिवशिवतात तर पथकाच्या सरावाला जात जा," ती म्हणाली. "नर्सबाई परवाच विचारत होत्या."

"जाऊन करायचं काय? तिथे गप्प बसायला शिकवतात!"

पथक म्हणजे गल्लीतल्याच पंचवीसेक लोकांनी उभं केलेलं मदत पथक. मागे पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा बाहेरची मदत पोचेपर्यंत काय हाल झाले ते सगळ्यांनी भोगलं होतं. तेव्हापासून निवृत्त नर्सबाईंनी पुढाकार घेतला. हेल्मेटं आली, पहारी आल्या, घमेली आली, स्ट्रेचर आलं. हातोडाही पथकात होता, पण तो केशरी जाकिटापुरता. सरावातली एक गोष्ट त्याच्या डोक्यात जायची. नर्सबाई मध्येच एक लांब शिट्टी फुंकायच्या. ती वाजली की ज्याने त्याने हातातलं काम टाकून आहे तिथेच थांबायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, आसपासची यंत्रं बंद करायची आणि ढिगाऱ्याखालून काही आवाज येतो का ते ऐकायचं.

"माणसं दबून मरतायत आणि आपण वर मौन पाळायचं?" तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. लोक खो-खो हसले होते.

नर्सबाई हसल्या नाहीत. "दबलेल्या माणसाला तुझी ताकद हवीच आहे रे. पण ती लावायची कुठे, हे तुला खालचाच माणूस सांगणार. त्याला बोलू तर दे!"

त्याने खांदे उडवले होते.

त्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला आणि ताट हललं. पाठोपाठ असा आवाज झाला की त्याच्या बायकोने कानांवर हात दाबून धरले. खिडकीबाहेर सगळं पांढरं झालं. हातोडा उष्ट्या हातानेच रस्त्यावर धावला.

कोपऱ्यावरची इमारत खाली बसली होती. तिसऱ्या मजल्याची गच्ची आता माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर होती आणि तिच्यावर कुणाचे तरी कपडे अजून दोरीवर वाळत होते. रस्त्याने चाललेला एक माणूस सज्ज्याखाली सापडला होता. त्याचे पाय तेवढे बाहेर होते, आणि ते पाय थोडा वेळ हलत राहिले. एक बाई रक्ताने माखलेला चेहरा घेऊन गोल-गोल फिरत होती आणि विचारत होती, "माझी पिशवी कुठे गेली?"

"ताई!" हातोडा ओरडला. "ताई गं!"

पथक पोचलं. नर्सबाईंनी माणसांची साखळी उभी केली आणि ताईच्या दुकानाची रस्त्याकडची बाजू खणायला घेतली, कारण शिलाई यंत्रं तिथे होती. ताई आणि तिच्याकडे काज-बटण करणारी बाई दिवसभर तिथेच बसायच्या. घमेली हातोहात पुढे सरकू लागली. हातोडा सर्वांत पुढे होता. सळयांनी त्याचे तळवे फाटले, तरी त्याला त्याचं भान नव्हतं.

थोड्या वेळाने नर्सबाईंनी लांब शिट्टी फुंकली. घमेली थांबली. आता शांतता होणार, एवढ्यात मागून कुणीतरी किंचाळलं,

"हाच तो! वेल्डर! यानेच खांब कापला! पळताना पाहिलाय मी!"

ताईच्या शेजारच्या दुकानाच्या शटरचं काम करायला सकाळपासून एक वेल्डर आला होता. ठिणग्या उडताना सगळ्या गल्लीने पाहिल्या होत्या. लोकांना तेवढं पुरलं. तो नखशिखांत पांढऱ्या धुळीने माखलेला होता, दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होता, आणि पुढचं वाक्य तोंडातून निघायच्या आत कुणीतरी त्याच्या पाठीत फळी घातली.

हातोड्याने हातातलं घमेलं फेकलं. तो धावला तसे साखळीतले आणखी सातआठजण त्याच्यामागे धावले. साखळी तुटली.

काय सांगावं! त्या माणसाला कुणी कुठे मारलं याचा हिशेब राहिला नाही. ज्याच्या हाती वीट लागली त्याने वीट मारली. चपलांनी मारलं, पट्ट्यांनी मारलं. गल्लीत कधी वर मान करून न बोलणारा औषध दुकानदारही आला, पोटात लाथ घालून चष्मा सावरत मागे सरला. "मारा! मारा!" एवढा एकच आवाज. काहीजण मोबाइल उंच धरून ते टिपत होते. हातोड्याने वेल्डरची गचांडी धरून त्याला उभा केला. वेल्डरचे ओठ हलत होते. "माझी बहीण!" असं ओरडत हातोड्याने सगळा जीव एकवटून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. जबडा मोडल्याचं त्याच्या मुठीला कळलं. वेल्डर खाली कोसळला, तोंडातून रक्ताबरोबर दात बाहेर आले, आणि तरीही लाथा थांबल्या नाहीत.

शिट्टी वाजत होती, पुन्हा पुन्हा वाजत होती. कुणी ऐकेना. शेवटी नर्सबाई गर्दीत घुसल्या आणि त्या वेल्डरच्या अंगावर आडव्या झाल्या. उगारलेली फळी थांबेपर्यंत त्यांच्या कपाळावर बसली. भुवई फाटून रक्ताची धार लागली, तशी गर्दी जराशी मागे हटली.

"बाई, बाजूला व्हा!" हातोडा धापा टाकत म्हणाला. "हा पळत होता!"

"पळत होता? मग तुमच्या हाती लागला कसा?" नर्सबाई उठून बसल्या. "कुठल्या दिशेला चालला होता? सांग ना! गल्लीच्या बाहेर चालला होता की ढिगाऱ्याकडे?"

हातोड्याने गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. वेल्डर ढिगाऱ्याकडे येत होता. गल्लीच्या तोंडाशी मोकळा रस्ता होता, आणि हा माणूस उलटा इकडे धावत आला होता.

"आणि ओरडत काय होता?"

एवढी माणसं तिथे होती, पण तो काय ओरडत होता ते एकानेही ऐकलं नव्हतं.

"याला आता बोलता यायचं नाही. तेवढी व्यवस्था तू केलीस," नर्सबाई हातोड्याला म्हणाल्या.

वेल्डरने एक हात कसाबसा उचलला. धुळीत बोटाने पायऱ्या काढल्या. पायऱ्यांच्या खाली टिचकी मारली. मग तो हात त्याने स्वतःच्या गळ्याशी नेला आणि दोन बोटं उघडमिट केली, पुन्हा केली.

कात्री!

जिना इमारतीच्या मागच्या बाजूला होता. इतका वेळ ते भलतीकडेच खणत होते.

"ताई जिन्याखाली आहे!" तो ओरडला. पण गर्दी अजून घुमत होती. "आधी याचा निकाल लावू!" असं म्हणत एकजण पुन्हा फळी घेऊन पुढे आला. हातोड्याने ती फळी हिसकून लांब भिरकावली आणि ज्या माणसाने आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नव्हती त्याने त्या गर्दीपुढे रक्ताळलेले हात जोडले.

"गप्प व्हा रे! पाया पडतो तुमच्या! माझी बहीण आहे खाली. तिचा आवाज ऐकू द्या मला!"

नर्सबाईंनी शिट्टी त्याच्या हातात दिली. त्याने फुंकली, लांब, दम संपेपर्यंत. समोरच्या दुकानाचा जनरेटर बंद झाला. मोबाइल खाली आले. मागे कुणीतरी आपल्या रडणाऱ्या बाळाला पदराआड घेतलं. एवढी मोठी गर्दी श्वास रोखून उभी राहिली, तेव्हा जिन्याच्या बाजूने आवाज आला. टक. टक. टक. लोखंडावर लोखंड.

पुढे बंबवाले आले, त्यांचे कटर आले, आणि ऊन कलता कलता ताई बाहेर निघाली. डावा पाय गुडघ्याखाली पार चिरडला होता. मुठीत कात्री होती. तिच्या अंगाशी बिलगून काज-बटणवाली होती. तिला दोघांनी उचललं आणि नर्सबाईंनी तिची मान चाचपून तिच्या चेहऱ्यावर कापड ओढलं. अंग अजून ऊन होतं.

स्ट्रेचरवर ताईने भावाचा हात धरला.

"वर कुणाला तरी मारत होते ना रे?" तिने विचारलं. "सगळं ऐकू येत होतं. आम्ही दोघी ओरडत होतो. ही तर माझ्याहून मोठ्याने ओरडत होती. वरून नुसतं 'मारा, मारा'. मग हिचा आवाज बारीक झाला. मग थांबलाच. कुणाला मारत होते?"

"वेल्डरला."

"अरे, त्यानेच तर ढकललं आम्हाला जिन्याखाली! भिंत हलताना त्याला दिसली. ढकललं, आणि माणसं आणतो म्हणून बाहेर धावला. कुणी मारलं?"

ताईने आपल्या हातातला त्याचा हात पाहिला, बोटांच्या सांध्यांवरचं सुकलेलं रक्त पाहिलं, आणि तो हात सोडून दिला.

मालकाने आतली भिंत पाडल्यामुळे इमारत कोसळली, हे पुढे चौकशीत निघालं. हातोड्याला त्या चौकशीची वाट बघावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून पोलीस ठाण्यात गेला आणि म्हणाला, "पहिलं नाव माझं लिहा." गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, तू अडकलास ते अडकलास, आम्हाला कशाला गोवलंस, असं त्यांचं म्हणणं. तो दवाखान्यातही गेला. जबडा तारांनी बांधलेल्या वेल्डरने त्याला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. माफी मागायला गेलेला माणूस माफी न मिळताच परतला, आणि ते योग्यच झालं.

एकदाच त्याने नर्सबाईंना विचारलं, "बाई, आधी ऐकलं असतं तर ती काज-बटणवाली वाचली असती का?"

"ते मला सांगता येणार नाही," नर्सबाई म्हणाल्या. "पण ती हाक मारत होती आणि आपण ऐकलं नाही, एवढं मात्र नक्की."

खटला अजून चालू आहे. ताई कुबडी घेऊन चालते, भावाशी बोलते, पण पूर्वीसारखी हसत नाही. पथकात आता केशरी जाकिटं कमी पडतात, आणि सरावाला शिट्टी हातोडाच फुंकतो. नव्या लोकांना तो एकच गोष्ट सांगतो, आणि मित्रहो, ती आपल्या सर्वांसाठीच आहे. "संकटाच्या जागी राग आल्यावाचून राहत नाही. पण गुन्हेगार शोधायला पोलीस आहेत, कोर्ट आहे, पुढे सगळा जन्म पडलाय. दबलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. तुम्ही हात उगारता तेव्हा खाली कुणाचा तरी आवाज बुडत असतो. आधी ऐका!"

परवाच्या सरावाला रस्त्यापलीकडे वेल्डर एका फाटकाचं काम करत होता. हातोड्याने लांब शिट्टी फुंकली. वेल्डरने वर पाहिलं नाही, ओळखही दाखवली नाही. त्याने फक्त आपलं यंत्र बंद केलं, आणि गल्ली अगदी शांत झाली.