अडतीस बोल्ट

रंगाऱ्याचा खरा वैरी गंज नव्हे, फिटर. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं गाड्या रंगवून मी हे सांगतोय. आपण बोल्टच्या डोक्यावर रंग चढवायचा, तो छान वाळायचा, आणि मग फिटरला आठवायचं की अर्धा फेरा द्यायचा राहिला. पान्याने बोल्टचे कोपरे सोलतात आणि साहेब विचारतात, रंग कुणी दिलाय हा?

माझ्या नशिबी आलेला फिटर काशीराम. आम्ही एकतीस वर्षं भांडलो, एकाच दिवशी रिटायर झालो, आणि शहाऐंशी साली रावजी वकिलांनी वडिलांची सदतीस सालची मॉरिस गाडी नीट करायला काढली तेव्हा पुन्हा एकमेकांच्या उरावर येऊन बसलो. आमच्या गावातल्या परटवणे भागात, वकिलांच्या घरामागे जांभ्या दगडाची शेड होती. तिथे दीड वर्ष काम चाललं. डिसेंबरात मुंबईला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, आणि वकिलांनी काशीरामला सांगून टाकलं होतं की फिटर म्हणून तू गाडीत पुढे बसून यायचं. काशीरामचा जन्म गाड्यांच्या खाली उताणं पडून गेला होता. त्याने नवा सदरा शिवून घेतला.

माझं शेवटचं काम बोल्टांचं. मडगार्ड आणि फुटबोर्डाचे मिळून अडतीस बोल्ट, सगळे डोकं बाहेर काढून बसलेले. आमच्याकडची खारी हवा उघडं लोखंड चार दिवसांत तांबडं करते. एका पोस्टकार्डाला बोल्टाएवढं भोक पाडायचं, ते बोल्टावर बसवायचं म्हणजे शेजारचा पत्रा खराब होत नाही. मग पॉलिश पेपर, थिनरचा बोळा, प्रायमर, आणि शून्य नंबरच्या ब्रशने हिरवा रंग, दोन हात. अडतीस बोल्टांना तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी पाहतो तर अडतीसच्या अडतीस सोललेले.

"काशा, मेल्या, हे काय?"

"मी न्हाय हात लावला," काशीराम म्हणाला.

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुन्हा रंगवले. पुन्हा सोलले. तिसऱ्या खेपेला तर डावीकडचा एक बोल्ट मुंडकं तुटून खाली पडलेला मिळाला. आता मी चोर पकडायचाच ठरवलं. दुपारी जेवायला जातो म्हणून निघालो आणि शेडच्या दाराआड उभा राहिलो.

काशीरामने पाना घेतला. पुढच्या डाव्या मडगार्डापासून सुरुवात करून गाडीला पूर्ण वळसा घालत त्याने प्रत्येक बोल्ट आवळला. हात पुसले, स्टुलावर बसला, बिडी ओढली. बिडी विझवून उठला, गाडीकडे बघून "अरेच्चा" म्हणाला, आणि पुढच्या डाव्या मडगार्डापासून पुन्हा सुरुवात केली.

मी दारातून पुढे झालो. मला बघून तो म्हणाला, "बरं झालं आलास. बोल्ट आवळायचे तेवढे राहिलेत."

शिव्या माझ्या तोंडात तयार होत्या, त्या तिथेच राहिल्या. मला भीती वाटली. एवढी भीती मला बायको आजारी पडली तेव्हाच वाटली होती.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो दुकानात गेला होता. त्याची बायको, हौसावहिनी, चुलीपुढून उठल्या नाहीत.

"भावोजी, काल हे तीनदा जेवायला बसले," त्या म्हणाल्या. "मी तीनदा वाढलं. काय बोलू?"

"डॉक्टर?"

"नेते. पण मुंबईसून आले की नेते. वकिलांस कळलं तर त्यांस गाडीत बसवतील काय? एवढं होऊ दे त्यांचं. तिथं माझा भाऊ हाय, तो उतरवून घेईल."

मी होऊ दे म्हटलं. म्हणणं सोपं होतं. पण हा माणूस वाटेत कुठेही उतरून पाना काढणार, आवळून आवळून बोल्ट तोडणार आणि मुंबईत वकिलांच्या देखत मडगार्ड हातात देणार.

रात्रभर विचार करून मला वर्कशॉप आठवलं. तिथे चाकाचा नट आवळला की फिटर हाक मारायचा आणि मी नटावरून चाकावर एक पिवळी रेघ मारायचो. रेघ असलेल्या नटाला पुन्हा पाना लावायचा नाही, हा तिथला कायदा. हौसावहिनींना सांगून काशीरामला तीन दिवस घरी ठेवलं, तुटलेल्या बोल्टाच्या जागी नवा घातला, सगळे पुन्हा रंगवले. चौथ्या सकाळी मी पिवळा डबा उघडला आणि माझ्या त्या हिरव्या, गुळगुळीत बोल्टांवर, स्वतःच्या हाताने, अडतीस रेघा मारल्या. काशीराम पाना घेऊन आला, वाकला, रेघ पाहिली आणि पुढच्या बोल्टाकडे गेला. सबंध गाडीला वळसा घातला. मग पाना पेटीत ठेवला.

शुक्रवारी मी एक रेघ हिरव्याने झाकून पाहिली. दहा मिनिटांत त्याने तेवढाच बोल्ट सोलला. तेव्हा रेघा राहणार हे नक्की झालं.

रविवारी पहाटे वकील आले. गाडीभोवती फिरले आणि खाली वाकले.

"भिवा, हे पिवळं काय आहे?"

"चुकून झालं, साहेब. डेपोतली सवय."

"अडतीस वेळा चुकून?"

फिटरच्या पान्याने सोललेलं सोडलं तर माझ्या रंगाला आयुष्यात कुणी नावं ठेवली नव्हती. वकिलांनी ड्रायव्हरला थिनरचा बोळा आणायला सांगितला, तसा नवा सदरा घातलेला काशीराम मध्ये आला.

"पुसू नका, साहेब. रेघ हाय म्हंजे आवळलेला हाय."

"अरे, पण परीक्षक बघतील!"

"बघू देत. रेघ पुसलीत तर मी जबाबदार न्हाय."

वकिलांचा त्याच्यावर भारी विश्वास. बोळा परत गेला. मग काशीरामने त्यांना थोडं बाजूला घेतलं, पण त्याचा आवाज मुळातच मोठा.

"त्याच्यावर रागावू नका. त्यास हल्ली काही आठवत न्हाय. मी सांभाळून घेतो, पण किती घेणार?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग उरला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "खरं का रे, भिवा?"

"खरं, साहेब," मी म्हणालो.

गाडी निघाली. पुढच्या सीटवर काशीराम ताठ बसला होता. फाटकाशी त्याने गाडी थांबवायला लावली आणि काचेतून डोकं बाहेर काढलं.

"भिवा, सरळ घरी जा हां. वाट ठावी हाय ना?"

"हाय," मी म्हणालो.