डिसेंबरला सांगणार होते

भाऊबीजेला भावाने दिलेली मोरपंखी साडी सुनंदाने नऊ महिने घडीसुद्धा न मोडता कपाटात ठेवली होती. ऑगस्टातल्या त्या मंगळवारी मात्र तिने ती नेसली, कारण बँकेत जायचं होतं, आणि तेही हात जोडायला नाही. घराचं कर्ज वीस वर्षांचं होतं. ते सातव्याच वर्षी एकदम फेडून टाकायचं, त्यासाठी काय काय कागद लागतील, एवढंच विचारायचं होतं. साहेबांनी फाईल चाळली, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, डिसेंबरात येऊन भरा. घराचे कागद तुमच्या हातात देतो."

बँकेच्या पायऱ्या उतरताना तिला वाटलं, आपण दोन बोटं उंच झालोय.

नवरा रुपचंद धुळे डेपोत एसटीचा कंडक्टर. सुनंदा घरी शाळेचे गणवेश शिवायची. त्या दोघांच्या कमाईत देवपूरच्या टोकाला तीन खोल्यांचं घर झालं होतं, आणि ते लवकर मोकळं करायचं, ही जिद्द तिची. भाजीला ती बाजार उठायच्या वेळी जायची. केबल पहिल्याच वर्षी बंद केली, पुढे टीव्ही बिघडला तो तसाच राहिला. संध्याकाळी घरात एकच ट्यूब लागायची. त्याच उजेडात तिचं मशीन, त्यातच पोरीचा अभ्यास, त्यातच स्वयंपाक. रुपचंदने नव्या बुटांचं नाव काढलं की ती म्हणायची, "लोन फिटल्यावर." भाविकाने सहलीचं विचारलं, तेव्हाही तेच. पोरगी समजूतदार. चौदा वर्षांची, नववीत. तिने कधी पाय आपटले नाहीत. उलट दर महिन्याला हप्त्याची तारीख गेली की स्वतःच विचारायची, "आई, आता किती राहिले?"

बँकेतून निघून सुनंदा दोऱ्याची रिळं घ्यायला आग्रा रोडने चालत होती. शाळा सुटायची वेळ. पलीकडच्या फुटपाथवरून भाविका येताना दिसली. दप्तर एका खांद्यावर, मान किंचित पुढे. शाळा ते घर ती चालतच यायची, रिक्षाचे पैसे वाचवून. सुनंदाने हसून हात हलवला. भाविकाने तिच्याकडे बघितलं. अगदी सरळ बघितलं, आणि नजर काढून घेतली.

सुनंदाचा हात तसाच वर राहिला. तिने पुन्हा हलवला. पोरगी दहा पावलांवर होती. आईवरून तिची नजर फिरली, शेजारच्या भांड्यांच्या दुकानावरून फिरली, पुढे गेली.

लाज वाटली हिला आपली, सुनंदाच्या मनात आलं. मैत्रिणी असतील आसपास. आईच्या झिजलेल्या चपला दिसल्या असतील. तिच्या कानशिलात आग पेटली. घरी आली की बघते, असं म्हणत ती रस्ता ओलांडून पोरीच्या मागे निघाली.

चार दुकानं पुढे गेल्यावर भाविका थांबली. फुटपाथच्या कडेला उभी राहून तिने मान तिरपी केली, जणू काही ऐकतेय. मग रस्त्यात पाय टाकला. उजवीकडून रिक्षा येत होती, चांगली भरधाव. भाविका रिक्षाच्याच दिशेने बघत होती आणि तरी पुढे जात होती.

सुनंदा धावली. पोरीचा दंड धरून तिला मागे खेचलं. रिक्षावाला शिवी हासडत निघून गेला. भाविका धडपडली, सावरली आणि वळून घाईघाईने म्हणाली,

"सॉरी मावशी, सॉरी. लक्ष नव्हतं माझं."

सुनंदाने दंड सोडला नव्हता. हातभर अंतरावर तिची स्वतःची मुलगी उभी होती आणि अनोळखी बाईकडे बघावं तशी, कसनुसं हसत तिच्याकडे बघत होती.

"भावू," ती कशीबशी म्हणाली, "अगं, मी आहे."

भाविकाचं हसू पुसलं गेलं. तिने डोळे बारीक केले, चेहरा पुढे आणला. "आई? ही साडी कुठली? मला वाटलं..." पुढचं तिने गिळलं.

पण आता उशीर झाला होता. सुनंदाने रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे बोट केलं. हातभर उंचीची लाल अक्षरं होती पाटीवर. "ते वाच."

"आई, चल ना घरी."

"वाच म्हणते ना!"

भाविका खाली बघत राहिली. "पाटी आहे ते कळतं," ती हळूच म्हणाली. "लाल आहे."

दोघी घराच्या वाटेला लागल्या. पांझरा नदीच्या पुलावर सुनंदाला राहवलं नाही. "मग रोज मला लांबून कशी ओळखतेस?"

"तुझ्या त्या दोन साड्यांवरून. आणि तू चालताना डावीकडे झुकतेस." मग ती म्हणाली, "पप्पांना खाकीवरून. पण डेपोत सगळेच खाकी असतात, म्हणून तिथे मी हाक मारायची वाट बघते."

"कधीपासून?"

"सातवीपासून जास्त झालं. डावा आधीपासूनच तसा होता. मला वाटायचं, सगळ्यांचाच एक डोळा तसा असतो."

सुनंदाने पुलाच्या कठड्याला हात टेकवला. तिला आठवत होतं ते वेगळंच. मशीनच्या सुईत दोरा ओवताना तिला स्वतःला त्रास व्हायचा, तेव्हा ती भाविकाला हाक मारायची. पोरगी सुई नाकाजवळ न्यायची आणि क्षणात दोरा आरपार. किती तीक्ष्ण डोळे आहेत पोरीचे, असं सुनंदा शेजारणींना कौतुकाने सांगायची. पुस्तकात डोकं खुपसून बसलेली पोर बघून तिला अभिमान वाटायचा. दिसलं सगळं होतं. तिने त्याचा अर्थच भलता लावला होता.

घरी आल्यावर हळूहळू बाकीचं बाहेर आलं. वर्गात भाविका पहिल्या बाकावर बसायची, तरी फळा दिसत नव्हता. शेजारची यास्मिन फळ्यावरचं हलक्या आवाजात वाचून दाखवायची. बदल्यात भाविका तिला गणितं सोडवून द्यायची. शाळेत डोळे तपासायला माणसं आली होती, तेव्हा रांगेत पुढच्या मुली अक्षरं म्हणत होत्या, ती ऐकून हिने पाठ केली. सगळी बरोबर सांगितली. शेरा मिळाला, डोळे उत्तम.

"पण का?" सुनंदा किंचाळलीच. "मला का नाही सांगितलंस?"

भाविकाला प्रश्नच कळला नसावा, अशी ती बघत राहिली. "डिसेंबरला सांगणार होते ना," ती म्हणाली. "लोन फिटल्यावर. चारच महिने राहिले होते, आई."



रुपचंद साक्रीची फेरी करून संध्याकाळी आला. खांद्यावरची पैशांची पिशवी उतरवायच्या आधीच त्याला सगळं कळलं. गाव सोडून दहा वर्षं शहरात काढलेला माणूस, बोलताना शहरी भाषा कधी सोडायचा नाही. त्या दिवशी भिंतीला टेकून तो अहिराणीत चूक स्वतःवर घेत पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "हाई मनी चूक शे. मनीच चूक शे." रोज हजार माणसं बघतो, तो म्हणाला. म्हाताऱ्याला पायरी दिसत नाही, हे मला न सांगता कळतं, हात देतो मी. आणि घरात...

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. डोळ्यांच्या दवाखान्यात तिघं गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी यंत्रावर तपासलं, मग भाविकाच्या नाकावर जड फ्रेम ठेवून भिंगं बदलत राहिल्या. उजव्या डोळ्याने पोरगी भराभर वाचायला लागली. एक ओळ, दुसरी, शेवटून दुसरी. रुपचंदच्या चेहऱ्यावर रंग आला. मग डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला. भिंग बदललं, पुन्हा बदललं, आणखी बदललं.

"सगळ्यात वरचं अक्षर दिसतंय," भाविका म्हणाली. "त्याच्या खालची ओळ... नाही."

डॉक्टरांनी लाइट लावला. टीव्ही जवळून बघायची का ही, त्यांनी विचारलं. बहुतेक घरांत आईबापांना तिथेच संशय येतो.

"टीव्ही नाही आमच्याकडे," सुनंदा म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. उजव्या डोळ्याचं काम चष्म्याने होईल. डाव्याचा नंबर लहानपणापासूनच फार जास्त असणार. मेंदूला त्या डोळ्याकडून कधी स्वच्छ चित्र मिळालंच नाही, म्हणून मेंदूने त्याचं ऐकणं सोडून दिलं. याला आळशी डोळा म्हणतात. नुसत्या चष्म्याने तो सुधारत नाही. चांगला डोळा रोज काही तास झाकून याला कामाला लावायचं.

"मग बरा होईल ना?" रुपचंदने विचारलं.

"थोडा सुधारेल. किती, ते आज सांगता येणार नाही. वय चौदा झालंय." त्यांनी भिंगं पेटीत ठेवली. "लहानपणीच आली असती तर पुष्कळ फरक पडला असता. सातवीत आली असती, तरी आजच्यापेक्षा बरं झालं असतं."

चष्म्याच्या दुकानात माणसाने हिशेब करून आकडा सांगितला. सुनंदाने तो पुन्हा विचारला. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. घराच्या एका हप्त्याच्या निम्मेही ते पैसे नव्हते. कपाटातल्या डब्यात याहून जास्त नेहमी पडून असायचे. तिने नोटा मोजून दिल्या, दुकानदार पावती लिहीत राहिला.

तीन दिवसांनी चष्मा आला. दुकानाबाहेर येताच भाविका फुटपाथवरच उभी राहिली. समोरच्या कडुनिंबाकडे बघत होती. "पानं वेगळी वेगळी आहेत," ती म्हणाली. मग वळून आईकडे बघितलं, बराच वेळ. सुनंदाने तेव्हा नजर चुकवली. त्याच रविवारी रुपचंद पोरीला महामार्गावर घेऊन गेला, तिथून लळिंगचा किल्ला दिसतो. परत आल्यावर तो म्हणाला, तिला आजवर तो नुसता डोंगरच वाटत होता. वर भिंती आहेत, हे तिला माहीतच नव्हतं.

डिसेंबर जवळ आला तसा रुपचंद एकदा चाचरत म्हणाला, "नाहीच फेडलं एवढ्यात तर? चालू दे हप्ते. पोरीसाठी राहू देऊ पैसे."

"आता ठेवून डोळा परत येणार आहे का, अहो?" सुनंदा म्हणाली. "ज्यासाठी गेला ते तरी पुरं होऊ द्या." बोलली आणि स्वतःच हादरली. असं काही आपल्या तोंडून येईल, असं तिला वाटलं नव्हतं. रुपचंद उठून बाहेर गेला.

पैसे भरले. साहेबांनी कागदांचं पाकीट तिच्या हातात ठेवलं, शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून म्हणाले, "बघा, वीस वर्षांचं कर्ज सात वर्षांत! ताई, कसं जमवलंत, आम्हालाही सांगा." सगळे हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होते. सुनंदा मान खाली घालून पाकीट पिशवीत घालू लागली.  शेवटी रुपचंदच "चला, येतो साहेब" म्हणाला आणि तिला बाहेर घेऊन आला.

घरात आता दोन खोल्यांत ट्यूब लागायच्या. रोज दुपारी शाळेतून आल्यावर भाविकाच्या उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची आणि दोन तास डाव्याने वाचायचं. मोठ्या अक्षरांची पुस्तकं रुपचंदने कुठून कुठून आणली होती. सुनंदा मशीन बंद करून समोर बसायची. पोरगी एकेक अक्षर जुळवत जायची, पहिलीतल्या मुलासारखी. डोकं दुखायचं, डोळ्यातून पाणी यायचं. तक्रार करायची नाही. ती तक्रार करत नाही, याचीच आता सुनंदाला भीती वाटायची.

जानेवारीतल्या एका दुपारी तिसऱ्या ओळीवर ती अडकली. एकदा, दोनदा, तीनदा. सुनंदा म्हणाली, "हळू वाच, घाई नाही."

भाविकाने पुस्तक भिंतीवर भिरकावलं. डोळ्यावरची पट्टी ओरबाडून काढली.

"तुला कळलं कसं नाही?" ती ओरडली. असा आवाज तिचा घराने कधी ऐकला नव्हता. "मी रोज तुझ्यासमोर बसायचे! इथे! याच ट्यूबखाली! मी नाही सांगितलं, पण तू बघितलं का नाहीस? एकदा तरी?"

सुनंदाच्या मनात शंभर उत्तरं होती. घर तुझ्यासाठीच, भावू. तुझ्या लग्नात कुणासमोर हात पसरावा लागू नये म्हणून. पण एकही खरं वाटलं नाही.

"नाही बघितलं," ती म्हणाली. "तू समोर असायचीस. मी नाही बघितलं."

भाविका हुंदके देत राहिली. सुनंदा जवळ गेली नाही, समजूत घातली नाही; तिथेच बसून राहिली. पोरीचा राग पोरीला पुरा काढू द्यायचा, एवढंच तिला त्या घडीला सुचलं. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. शेजारच्यांचा कुकर वाजला.

बऱ्याच वेळाने भाविकाने ओढणीने चष्मा पुसला. उठून भिंतीजवळचं पुस्तक आणलं, दुमडलेलं पान हाताने सरळ केलं. नवी पट्टी स्वतःच काढून उजव्या डोळ्यावर चिकटवली.

"कुठे होतो आपण?" तिने विचारलं. आवाज अजून चिरकत होता.

सुनंदा सरकून तिच्याशेजारी बसली आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.