बावीस सह्या

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर मी सेफ्टी ऑफिसर. २००७ साली आमच्या तेलाच्या टाक्यांच्या प्लांटवर चीनहून आलेले बावीस वेल्डर होते आणि रोज सकाळी त्यांना धोके समजावून सांगायचं काम माझं. मी दहा मिनिटं इंग्रजीत बोलायचे, दुभाषा दोन मिनिटांत उरकायचा, सगळे मान डोलवून सह्या करायचे. एके दिवशी ठिणगी गटारात पडली, आतल्या तेलाच्या वाफेने पेट घेतला आणि लिन शिफूंचा हात भाजला. शिफू म्हणजे मुरलेला कारागीर. कागदावर त्यांची सही होतीच. मला माझीच चीड आली.

ठरवलं, आता मीच चिनीत बोलणार. मॅनेजर म्हणाले, एकदाच करून बघा. नाही जमलं तर दुभाषा परत.

तीन आठवडे कंपनीच्या बसमध्ये घोकंपट्टी केली. छळलं ते एका शब्दाने: शियाओयिंग. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं घडत जातं, त्या परिणामाला शास्त्राच्या पुस्तकात हा शब्द. मी तो खोकल्याच्या औषधालाही लावला, तर चिनीच्या शिकवणीच्या बाईंनी वहीत लाल रेघ ओढली. औषधाच्या गुणाला साधा शब्द आहे, म्हणाल्या. घरी प्रबोध, माझा नवरा, चहा पिता पिता विचारायचा, "माझी झोप उडाली, हे शियाओयिंग का गं?"

"नाही. आणि कप विसळून ठेव."

त्या सकाळी मी बोलले. ठिणगी, गटार, वाफ, टाकी, शेजारची टाकी, आणि शेवटी तो शब्द, अगदी जिथे हवा तिथे. बावीस माना डोलल्या. सहीचा कागद फिरू लागला. दुभाष्यासमोरही माना अशाच डोलायच्या.

मी कागद काढून घेतला. "लिन शिफू, आता तुम्ही सांगा."

मॅनेजरनी घड्याळ पाहिलं. मी जागची हलले नाही.

लिन शिफू उठले. पट्टी बांधलेल्या हाताने एकेक दाखवत गेले: ठिणगी, गटार, वाफ, ही टाकी, मग ती. "शियाओयिंग," म्हणाले आणि थांबले. गटारापासून दोन हातांवर त्यांचाच, लोखंड घासताना ठिणग्या उडवणारा ग्राइंडर पडला होता. त्यांनी तो उचलून लांब ठेवला, गटारावर ओलं जाड कापड पसरलं आणि मगच पेन मागितलं.

"मागच्या वेळी मी सही आधी केली होती," ते चिनीत म्हणाले.

मला दुभाषा लागला नाही.