कवळीवरचा आळ

मी कवळी बोलतेय. नाक मुरडू नका. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण वाटीतल्या पाण्यात पडलेली असेल. पण माझ्यावर जो आळ आला, तो तिच्यावर न येवो. माणूस उपाशी राहिला आणि सगळ्यांनी बोट दाखवलं माझ्याकडे!

माझा जन्म दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत झाला. माझे मालक धंद्याने न्हावी. लहानथोर सगळे त्यांना काका म्हणायचे. पहिले काही दिवस मी त्यांना टोचले, खोटं कशाला सांगू? मग आमचं जमलं. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लागला की काकांच्या गप्पा सुरू. आणि जेवायला बसले की भाताचा मोठा घास, कालवणाचा ठसका, वर कचकन चावलेली मिरची. मी राब राब राबायचे आणि खूश असायचे.

काकू गेल्या आणि परदेशातल्या लेकीने काकांना आपल्याकडे नेलं. ती आणि जावई दोघंही सकाळीच कामावर पळायचे. बाबांनी दिवसभर भिंतींशी बोलत बसू नये म्हणून तिने खूप खटपट करून त्यांना म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात घातलं. सकाळी गाडी न्यायला यायची, दोन्ही वेळचं जेवण तिथेच उरकून संध्याकाळी आणून सोडायची. हॉल मोठ्या काचांचा, उबदार. माणसंही हसून बोलणारी.

पण जेवणाच्या वेळी ताटांची ढकलगाडी खडखडत यायची आणि माझा जीव गोळा व्हायचा. ताटात तीन खण. एकात पांढरा लगदा, दुसऱ्यात उकडलेले वाटाणे, तिसऱ्यात मांसाचा फिकट तुकडा. मीठ नाही, तिखट नाही, वास ओल्या पुठ्ठ्याचा. हॉलमध्ये देशोदेशीची म्हातारी माणसं, आणि सगळ्यांपुढे तेच ताट! काका एक घास तोंडात इकडून तिकडे फिरवायचे, पाण्याबरोबर ढकलायचे आणि चमचा ठेवून द्यायचे.

शेजारी एक बाई बसायच्या. कुठल्या तरी तिसऱ्याच देशाच्या. काका त्यांना मामी म्हणायचे. त्या काकांना काय म्हणायच्या, देव जाणे. मामींच्या धर्मात मांस वर्ज्य. त्यांनी खुणेने तसं सांगितलं, तर वाढणारी मुलगी म्हणाली, "तुकडा बाजूला काढा आणि बाकीचं खा." अहो, ताटात पाल पडली तर तुम्ही ती बाजूला काढून बाकीचं खाल का? मामी नुसता पाव पाण्यात बुडवून खायच्या.

काकांची विजार कमरेवरून घसरायला लागली. लेक घाबरली.

"बाबा, जेवण जात नाही का? कवळी टोचते का?"

काका जरा घुटमळले. "हो गं. टोचते जराशी."

ऐकलंत? मी त्यांच्याच तोंडात, आणि माझ्याच मदतीने माझ्याविरुद्ध साक्ष!

झालं. दातांच्या डॉक्टरांनी मला कानशीने घासलं. तरी काका जेवेनात. पुन्हा घासलं. धडधाकट होते, ती आता खरोखरच डगडगायला लागले. मग केंद्राने ठरवलं की यांना चावताच येत नाही. तिन्ही खण एकत्र वाटून तो राखाडी गोळा वाडग्यातून भरवायला लागले आणि मला डबीत घालून हॉलमधल्या कपाटात टाकलं. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, त्याच्या हनुवटीखाली आता लाळेचं फडकं! माझा संताप संताप झाला. पण डबीतून ओरडणार कशी?

मला बाहेर काढलं मामींनी. एके दिवशी त्यांनी पिशवीतून लोणच्याची बाटली काढली, पावावर एक फोड ठेवली आणि काकांपुढे सरकवली. काकांनी वास घेतला. उठले, कपाट उघडलं, मला तोंडात बसवलं आणि सुटले. एक पाव संपला, दुसरा संपला. मी डगडगत होते, तरी जीव तोडून चावत होते. दोघंही एकमेकांकडे बघून हसत होते. तेवढ्यात वाढणाऱ्या मुलीने बाटली उचलून नेली. "बाहेरचं चालत नाही. रक्तदाब वाढतो."

संध्याकाळी लेकीला बोलावणं आलं. व्यवस्थापिकाबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुमचे वडील नियम मोडतात. त्यांना नीट चावता येत नाही, उद्या घास अडकला तर? आणि आम्ही सगळ्यांना सारखंच देतो. भेदभाव करत नाही."

लेकीने ते काकांना आपल्या भाषेत सांगितलं. काकांनी मला तोंडातून काढलं आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं. बोळक्या तोंडाने म्हणाले, "हिचा काही दोष नाही. मी खोटं बोललो. कवळी टोचत नाही, जेवण टोचतं. जसंच्या तसं सांग त्यांना."

लेक सांगायचंच विसरली. "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तू आधीच सकाळपासून धावत असतेस. त्यात एवढी धडपड करून ही जागा मिळवलीस. कोणत्या तोंडाने नावं ठेवू?"

मला वाटलं, आता ही रडणार. पण ती बाईंकडे वळली. टेबलाच्या कोपऱ्यावर बाईंचा घरून आणलेला डबा होता. "तुम्ही इथलं का जेवत नाही?"

बाईंनी डबा पटकन टेबलाखाली सरकवला.

"सगळ्यांना सारखं म्हणे!" काका उसळले. "मी सगळ्यांच्या डोक्यावर एकच वाडगा उपडा घालून केस कापले असते, तर लोकांनी तो माझ्याच टाळक्यात फोडला असता!" लेकीने एक शब्दही न गाळता ते सांगितलं.

त्यावर केंद्राने काय करावं? तोच लगदा पिवळा रंगवून 'तुमच्याकडचं जेवण' म्हणून पुढे ठेवला! पण लेक हटली नाही. तिने इतरांच्या मुलासुनांना फोन केले. एका दुपारी ती सगळी येऊन बसली आणि प्रत्येकाने आपल्यासाठी तेच ताट मागितलं. एकाचंही ताट संपलं नाही. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

आता आचारी टेबलापाशी येऊन विचारतो. मीठ, लिंबू, तिखट समोर असतं. मांसाशिवायच्या जेवणाची कढई वेगळी आहे. काका चावून जेवतात, शेजाऱ्याला भाषा कळो न कळो, गप्पा हाणतात.

पण मामी येत नाहीत. कोरड्या पावावर दिवस काढून त्या इतक्या खंगल्या, की त्यांनी अंथरूण धरलं. काका रोज गाडीवाल्याला खुणेने विचारतात आणि तो नाही म्हणून मान हलवतो. ज्यांच्यासाठी वेगळी कढई हवी होती त्या मामी अंथरुणात, आणि कढई चुलीवर. याचा जाब कुणाला विचारायचा? तेव्हा दोष द्यायला कवळी सापडली होती. आता कुणीच सापडत नाही.

मी पार झिजले आहे. काकांच्या तोंडात लवकरच नवी कवळी येईल. येऊ दे. माझी एवढीच विनवणी आहे: तुमच्या घरातलं म्हातारं माणूस ताट बाजूला सारायला लागलं, तर त्याच्या तोंडात डोकावण्याआधी त्याच्या ताटातला एक घास तुम्ही खा. तो तुमच्या घशाखाली उतरला, तरच आमच्या जातीला दोष द्या.