गप्पींच्या हौदातली किली

मित्रांनो, मी एक मासोळी आहे. माशांच्या मानाने माझे वय झाले आहे, म्हणून स्वतःला म्हातारी म्हणवून घेते. नाव सांगताना मात्र मी अडखळते. ज्या हौदात मी राहते तिथे सगळे मला गप्पी समजतात, आणि इतक्या जणांचे चुकत असेल असे म्हणायचा धीर मला होत नाही. तरी सांगते. आमचे कूळ पश्चिम आफ्रिकेतल्या, दाट सावलीच्या संथ ओढ्यांतले. माणसे आम्हांला किली म्हणतात.

तो ओढा मी कधी पाहिला नाही. मी जन्मले सुप्याजवळच्या एका गावात, पुंजारामच्या खिडकीतल्या काचेच्या पेटीत. पुंजाराम सुप्याच्या एका कारखान्यात कामाला जातो आणि घरी मासे पाळतो. पुण्याच्या एका हौशी माणसाने ओल्या शेवाळात गुंडाळून आमची अंडी त्याला कुरिअरने पाठवली होती. बहुतेक अंडी बुरशीने गेली. वाचलो दोघेच, एक नर आणि एक मी. पुढे त्या पुणेकराचेही मासे मेले. पुंजारामला ठाऊक असलेल्या जगात मग आमची ही एवढीच जोडी उरली. आम्हांला पिल्ले व्हावीत, हाच त्याला ध्यास लागला.

तो आम्हांला पाहत बसे आणि बायकोला, विजयमालाला, आमची ओळख पटवून देई.

"हे बघ, डोकं वरनं चपटं. तोंड आभाळाकडं. पाठीवरचा पर पार शेपटीपाशी. अंगावर काळ्या उभ्या पट्ट्या. नराचा गळा शेंदरी, मादीचा न्हाई."

"व्हय, व्हय," विजयमाला भाकरी थापता थापता म्हणे. "माझ्या तोंडाकडं कदी एवढं बघितलंत का?"

मला वाटे, इतके बघण्यासारखे माझ्यात खरेच काही आहे का?

नर देखणा होता, पण माझ्या फार मागे लागे. मी अंडी धरायच्या आधीच दमून मरेन, अशी पुंजारामला भीती वाटू लागली. अशा वेळी मादीला काही दिवस बाजूला ठेवून चांगले खाऊ घालतात आणि मग पुन्हा जोडी लावतात. त्याच्याकडे मोकळी पेटी नव्हती. गप्पी गरीब असतात, त्या हिला छळणार नाहीत, असा विचार करून त्याने मला गप्पींच्या बरणीत सोडले. बायकोला सांगायचे मात्र राहून गेले.

त्याच आठवड्यात, तो कामावर असताना, गावात आरोग्याचे काम पाहणारी आशाताई, रोहिणी, दारात आली. गावात डेंग्यूची साथ होती.

"वैनी, गुरांच्या हौदात लई अळ्या झाल्यात. तुमच्याकडं गप्पी हायत म्हनं?"

"हायत की! न्या समद्या." विजयमालाने हौसेने अख्खी बरणी तिच्या बादलीत ओतली. मी तिला दोष देत नाही. गावाच्या भल्यासाठीच तिने दिल्या.

दुपारी पुंजाराम घरी आला, रिकामी बरणी पाहून त्याने बायकोला विचारले आणि तसाच हौदाकडे धावला. मागून विजयमाला पांढरा टब घेऊन आली. त्याने जाळीने पाणी ढवळून काढले. मीही सापडले. पण मित्रांनो, आम्ही घाबरलो की आमच्या पट्ट्या विरून जातात आणि पर अंगाला चिकटतात. पुंजारामला हे ठाऊक होते की नाही, मला सांगता येत नाही. त्या घाईत त्याला ते आठवले नाही, एवढे खरे. त्याने मला ओंजळीत घेतले.

"ही असंल का गं?"

"हिला कुठं पट्टी हाय? तीच तर खूण सांगत हुता न्हवं? त्या बघा, त्यांच्या अंगावर काळं दिसतंय."

तेवढ्यात म्हशी घेऊन आलेला वाल्मिक ओरडला, "पुंजाबापू, तुमची मासोळी हुडकंस्तवर म्हशींनी तान्हेलंच ऱ्हायाचं व्हय?"

चारचौघे हसले. "न्हाई, ही न्हाई," पुंजाराम पुटपुटला आणि त्याने मला पाण्यात सोडून दिले. अंगावर काळे डाग असलेल्या चार मासोळ्या घेऊन तो घरी गेला.

म्हशी पाणी पिऊन गेल्या. गाळ खाली बसला. मग माझी एकेक पट्टी परत उमटली. पाहायला कोणी नव्हते.

काही दिवसांनी हौदावर रोहिणी आणि विजयमालाचे बोलणे माझ्या कानी पडले.

"घरी न्हेल्या त्या समद्या गप्पीच निघाल्या," विजयमाला म्हणाली. "आन् त्यो नर परवा मेला. ह्यांनी पेटी पालथी घालून ठिवलीया."

"मग ती मादी? दादा हुडकायला न्हाई यायचे का पुन्ना?"

"आता कशाला? कुनासाटी?"

मित्रांनो, एक विनंती करते, ती माझ्यासाठी नाही. मला आता कोणी ओळखून काही व्हायचे नाही. पण तुम्हांला कोणाला ओळखायचे असेल, तर त्याला आधी घाबरवू नका. पाणी निवळेपर्यंत थांबा. म्हशी खोळंबल्या तर खोळंबू द्या, लोक हसले तर हसू द्या.

माझे काम चालू आहे. मी अळ्या खाते. यंदा हौदातल्या गप्पी चांगल्या निघाल्या, असे रोहिणीताई सगळ्यांना सांगते. त्यांत मीही आले.