पडद्याची शिवण

हायस्कूलच्या पहिल्याच आठवड्यात टकटकच्या अंगात वारं शिरलं होतं. टकटक हे तिचं घरातलं नाव, कारण तिची बोटं कधी गप्प बसतील तर शपथ. ताटावर, खिडकीच्या गजावर, झोपलेल्या ताईच्या पाठीवर, जागा मिळेल तिथे ती ठेका धरायची. आणि या नव्या शाळेत काय नव्हतं? नाटक होतं, बुद्धिबळ होतं, मातीकाम होतं, आणि बँड होता. निवडायचं मात्र एकच. बँडमध्ये ड्रमची एकुलती एक जागा रिकामी होती आणि टकटकचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता.

घोळ ताईने घातला होता. ती धावण्याच्या संघात, वर दादागिरी अशी की तिथल्या सरांना परस्पर सांगून मोकळी झाली, "धाकटीही येतेय."

"ड्रम हुकला तर उद्या पहाटे मैदानावर," डबा भरता भरता ताई म्हणाली. "मग रडारड नको."

"आणि मिळाला तर?"

"तर माझे बूट गळ्यात घालून घरभर फिरेन."

"चिखलाचे?"

"चिखलाचेच. जा आता."

कोपऱ्यात आई पायमशीनवर शर्ट शिवत होती. टकटक लहानपणी याच मशीनखाली खेळली होती. ठेका म्हणजे काय, ते ती तिथेच शिकली होती.

दुपारी बँडच्या सरांनी तिच्या गळ्यात ड्रम अडकवला. "मैदानाला फेरी मार. तू पुढे, ट्रम्पेटवाले मागे. ते तुझ्या ठेक्यावर चालतील."

टकटकने काठ्या उचलल्या आणि काय सुरुवात केली म्हणता! सरांची मान डोलायला लागली. आणि अचानक ठेका मंदावला, क्षणभर थांबला, मग पुन्हा धडधडत सुटला. मागचे ट्रम्पेटवाले एकमेकांवर आदळले.

"काय झालं गं?" सर म्हणाले.

"माहीत नाही, सर."

पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. या वेळी ट्रम्पेटवाल्या मुलीने मागून आपली टाच चोळत "अगं बाई, चाल ना" म्हटलं. टकटकने खाली पाहिलं. तिचा उजवा पाय टाच उचलून तयार होता, अगदी आईसारखा. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"सर, टोक आलं."

"कसलं टोक?"

"कॉलरचं. टोक आलं की मशीन हळू करायचं, थांबायचं, कापड वळवायचं आणि मग पुन्हा सोडायचं. आई दिवसभर कॉलरीच शिवते ना."

ट्रम्पेटवाले खो खो हसले. सरांनीही ओठ दाबले, पण घड्याळाकडे पाहत म्हणाले, "बाळा, मैदानात कॉलर नाही. मी पुढच्या मुलीला बोलावतो."

पहाटेचं गार मैदान, ताईची शिट्टी, सगळं टकटकच्या डोळ्यांसमोर आलं. कालपर्यंतची टकटक मान खाली घालून निघून गेली असती. आजची जागची हलली नाही.

"सर, एकच फेरी. या वेळी पडदा शिवते."

"पडद्याला टोक नसतं?"

"असतं. पण फार लांब."

सर हसू आवरत म्हणाले, "मग चांगला लांबलचक घे."

तिने पडदा घेतला. मनातल्या मनात सरळ, न संपणारी शिवण धरली आणि चालायला लागली. मैदानाचं वळण आलं, टाच शिवशिवली. तिने ती मातीत दाबून धरली. कापड पुढे सरकत राहिलं. मागे ट्रम्पेट वाजत होते आणि कोणी कोणावर आदळत नव्हतं. फेरी संपली तरी तिला थांबवेना, शेवटी सरांनीच काठ्या धरल्या.

"या तुझ्याकडेच ठेव," ते म्हणाले. "बुधवारी सरावाला ये."

टकटक घरी उडतच आली. ताईने बुटांच्या नाड्या एकत्र बांधल्या, बूट गळ्यात अडकवले आणि तोंड वाकडं करत घरभर फिरली. टकटकने तिच्या चालीवर टेबलावर पडद्याचा ठेका धरला, सरळ, लांबच लांब. मशीनवर आईचे पाय नकळत त्याच ठेक्यात पडले.

"थांब गं बाई," आई अर्ध्यातच ओरडली. "टोक गेलं ना पुढे! माझी कॉलर वाकडी झाली."