झाडूमास्तरांची यादी

नकाशांच्या कचेरीत संगणक सांभाळणाऱ्या माणसाला सगळे झाडूमास्तर म्हणत, आणि राग येण्याऐवजी त्याला त्याचा अभिमान वाटे. आता बोला! जास्तीची टाचणी दिसली तरी याच्या पोटात दुखायचं. घरी एकदा पातेलं हरवलं, तर यानं त्याचं झाकणही भंगारात देऊन टाकलं. दुसऱ्याच दिवशी शेजारीण पातेलं परत द्यायला आली. बायको अजून ते पातेलं ताटलीनं झाकते, आणि झाकताना दर वेळी नवऱ्याकडे बघते.

नोकरी मात्र कच्ची. दर वर्षी नवा आदेश निघायचा, तेव्हा कुठे पुढचं वर्ष. यंदाचा आदेश महिनाअखेरीला निघायचा होता आणि संचालक मॅडम नव्या होत्या. काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

संधी आपल्या पायांनी चालत आली. एका सकाळी मुख्य संगणकाची डिस्क गच्च भरली आणि गटारांचे नकाशे उघडेनात. मॅडम स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसल्या. त्यानं एक आज्ञा टाइप केली आणि पडद्यावर यादी धो धो वाहायला लागली. दोनशे चौदा पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामांचे गठ्ठे, आणि त्यातलं एकही कुणाला हवं नसलेलं.

"अगं बाई! एवढी आली कुठून?"

"पाहुण्यांसारखं आहे, मॅडम. प्रोग्राम कधी एकटा येत नाही. मेव्हण्याला आणतो, मेव्हणा मामाला आणतो. पुढे पाहुणा निघून जातो, मामा मात्र पथारी पसरून बसलेला. हे बघा, हे प्रिंटरबरोबर आलेलं. प्रिंटर भंगारात जाऊन सहा वर्षं झाली."

"पण यंत्राला कळतं कसं, कोण नको ते?"

"सोपं आहे. जो आपण नाव घेऊन मागवला, त्याच्यावर 'हवा' अशी खूण असते. जो दुसऱ्याबरोबर आला आणि तो दुसराच गेला, तो अनाथ. काढायचा."

"आणि दोन अनाथ एकमेकांना धरून बसले तर? मला हा हवा, मला तो हवा?"

झाडूमास्तर खूश झाला. इतका हुशार प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. "मग दोघंही जातात. ज्याचीच गरज नाही, त्याच्या गरजेला कोण विचारतो?"

त्यानं बटण दाबलं, अर्धी डिस्क रिकामी झाली, नकाशे उघडले. "आता दर सोमवारी हे आपोआप होईल असं लावून ठेवतो," तो प्रौढीनं म्हणाला. मॅडमनी चक्क टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी त्याला आकाश ठेंगणं झालं.

दोन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. "मास्तर, हेच आपण माणसांचं करू या." प्रत्येक विभागप्रमुखानं हवी ती चार नावं चिठ्ठीवर लिहून द्यायची. कुणाच्याच चिठ्ठीत नाही, तो अनाथ. यादी अर्थातच झाडूमास्तरानं करायची.

केली ना! दुप्पट उत्साहानं केली. पहिलं नाव तळघरातल्या दप्तरवाल्या बाईंचं. एका जुन्या हेडक्लार्कनं कागदी नकाशे सांभाळायला त्यांना आणलं होतं. हेडक्लार्क निवृत्त झाला, नकाशे संगणकात गेले, बाई राहिल्या. आता संगणकातला नकाशा अडला की झाडूमास्तर गुपचूप जिना उतरून बाईंनाच विचारायचा, ही गोष्ट वेगळी. ती त्यानं कुठे लिहिली नव्हती.

"यादीत तुमचं नाव नाही ना, बघितलंत का?" बायकोनं विचारलं.

"वेडी आहेस का? मी यादी करणारा!"

बायकोनं पातेल्यावर ताटली ठेवली.

सकाळी त्यानं अकरा नावं मॅडमपुढे ठेवली. मॅडमनी पेन उचललं. "बारावं राहिलं. तुमच्या पहिल्या आदेशात काय लिहिलंय? आधीच्या साहेबांच्या संगणक कक्षासाठी. साहेब गेले. कक्ष मागच्या वर्षी बंद झाला. आणि चिठ्ठ्यांत तुमचं नाव कुठेच नाही."

"पण मॅडम, सफाई कोण करणार?"

"दर सोमवारी आपोआप होते ना? तुम्हीच लावलंय." मग त्या मायेनं म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत कुणाचीही एक चिठ्ठी आणा. मी अन्याय करत नाही."

झाडूमास्तर टेबलं पालथी घालत सुटला. आरेखक म्हणाला, "अहो, तुम्ही तर हवेच! पण चारच नावं होती, त्यात भाचा माझा." मुख्य लेखनिक म्हणाल्या, "कचेरीला गरज आहे हो तुमची, पण आमच्या विभागाला म्हणून अशी..." तक्रारवाल्या साहेबांनी आपलं यंत्र चालू असल्याची खात्री केली. "बिघडलं की लगेच लिहून देतो!"

पावणेपाचला तो तळघरात उतरला. बाई आपली पिशवी भरत होत्या. अकरा जणांना कमी केल्याचे आदेश दुपारीच निघाले होते. त्या कचेरीत इतकं झटपट काम प्रथमच झालं असावं. झाडूमास्तराला भयंकर लाज वाटली. तो शेवटच्या पायरीवरच थांबला.

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद ओढला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नकाशांच्या कामात मला या माणसाची गरज असते.' खाली सही केली.

"बाई, हे खरं नाही. गरज मला तुमची होती."

"ते तुम्ही लिहायचं होतंत, मास्तर. मी माझं लिहिलं. पळा आता, पाच वाजतील."

तो धापा टाकत वर पोचला. मॅडमनी चिठ्ठी वाचली, सही नीट पाहिली, मग यादी उघडून पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"बाई तर अनाथ आहेत, मास्तर."

आणि मन लावून शिकलेल्या विद्यार्थिनीसारख्या त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. पुढचं वाक्य त्यानंच पूर्ण करावं, अशी त्यांची अपेक्षा होती.

त्यानं ते केलं नाही. चिठ्ठी तेवढी परत मागून घेतली, घडी घालून खिशात ठेवली. निरुपयोगी कागद तो आयुष्यात पहिल्यांदाच घरी नेत होता.